गाडीच्या ऑइलचा दाब कमी झाला तर काय पाहावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे कोणी पाककृती सांगते, कोणी मुलांच्या संगोपनावर बोलते, कोणी संतांच्या अभंगांवर. चिटणीसबाई मला बोलावयास सांगू लागल्या तेव्हा मी म्हटले, "माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या जुन्या गाडीच्या इंजिनाविषयी मात्र मला थोडेबहुत कळते, ते हवे तर सांगेन." त्या म्हणाल्या, "तेच सांगा." म्हणून विषय ऐकून ज्या हसल्या त्यांनी आधी चिटणीसबाईंकडे पाहून हसावे.

हा विषय बायकांचा का, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर साधे आहे. मिस्त्री जेव्हा "इंजीन उघडावे लागेल" म्हणतो, तेव्हा पैसे कोठून निघतात? घरखर्चातून, भिशीतून, मुलांच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून. ज्या कामासाठी आपल्या डब्यातले पैसे जातात ते काम खरोखर करावयाचे आहे की नाही, एवढे समजून घेण्याचा हक्क आपला आहे. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी जुनी गाडी आहे. कोणाकडे फियाट, कोणाकडे गावाकडच्या शेतावर जीप, कोणाकडे मालाचा टेंपो. पंधरा वर्षे उलटली की खाजगी मोटार दर पाच वर्षांनी आर.टी.ओ.त नेऊन पास करून घ्यावी लागते. मग ती नीट ठेवणे आलेच.

आमच्या घरी पद्मिनी आहे, १९८९ सालची, मामंजींनी घेतलेली. या गाडीचे आणि सोलापूरचे नाते आहे, ते आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. ज्या प्रीमियर कंपनीने ही गाडी मुंबईत कुर्ल्याला बनविली, ती कंपनी १९४४ साली शेठ वालचंद हिराचंद यांनी काढली. आणि वालचंदशेठ १८८२ साली आपल्या सोलापुरात जन्मले. फियाटच्या जुन्या अकराशे गाडीचेच हे देशी रूप. पद्मिनी हे नाव तिला १९७४ पासून मिळाले. सन २००० च्या सुमारास ती बनणे थांबले, आणि मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. पण घरगुती वापरातल्या गाड्या अजून आहेत. आमच्या गाडीतून शेंगदाण्याच्या चटणीचे डबे अक्कलकोट व तुळजापूरच्या दुकानांत जातात. ती आमच्या घरातला एक कमावता हात आहे.

आता मूळ विषयाकडे येते.

इंजिनाच्या तळाशी एक पत्र्याची कढई असते. मिस्त्री तिला चेंबर म्हणतात. तिच्यात ऑइल असते. इंजीन फिरू लागले की एक लहानसा पंप हे ऑइल जाळीतून ओढून घेतो आणि बारीक वाटांनी वर ढकलतो. ते क्रँकच्या बेअरिंगांत जाते, कॅमच्या बुशांत जाते, वर वॉलच्या दांड्यांपर्यंत जाते, आणि सगळीकडून निथळून पुन्हा चेंबरमध्ये पडते. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये केसापेक्षाही बारीक फट असते. त्या फटीत ऑइलचा पापुद्रा असतो आणि क्रँक त्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो. पापुद्रा गेला की धातूवर धातू घासतो, आणि मग थोड्या वेळातच इंजिनाचा सत्यानाश होतो. माझे वडील मागावर काम करीत. तेलाशिवाय चालविलेल्या मागाचे काय होते, हे सोलापूरच्या लेकीसुनांना मी वेगळे सांगावयास नको.

दाब म्हणजे काय, हे मला नळावरून कळले. चाळीत खालच्या मजल्यावरचे सगळे नळ बंद असतील तर वरच्या मजल्यावर पाणी जोराने येते. खाली दोन नळ उघडे राहिले की वर धार बारीक होते, आणि चारही उघडे राहिले तर वरच्या बाईच्या घागरीत थेंब पडत नाही. मोटार तीच, टाकी तीच. इंजिनाचेही तसेच आहे. पंप ऑइल ढकलतो. दाब तयार होतो तो पुढच्या वाटा अरुंद असल्यामुळे. बेअरिंग झिजले म्हणजे एक नळ उघडा राहिला. आणि झीज थोडी दिसली तरी गळती फार वाढते, कारण फट दुप्पट झाली तर तिच्यातून ऑइल सुमारे आठपट वाहते.

म्हणजे दाब कमी होण्याची कारणे तीन गटांत बसतात. पंपाला पुरेसे ऑइल मिळत नाही. किंवा पुढे कोठे तरी नळ उघडा आहे. किंवा ऑइलच पाण्यासारखे पातळ झाले आहे. चौथी गोष्ट अशी की दाब ठीक आहे आणि सांगणारा दिवाच खोटे बोलतो आहे.

त्या दिव्याविषयी सांगते. जीपसारख्या काही गाड्यांना दाबाचा काटा असतो. आमच्या गाडीला लाल दिवा आहे. किल्ली फिरविली की तो लागला पाहिजे आणि इंजीन चालू होताच विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही दिवा लागला नाही तर बरे झाले असे समजू नका; बल्ब गेला असेल, आणि मग संकटाच्या वेळी सांगणारे कोणी नाही. हा दिवा साधारणपणे दाब चार ते आठ पौंडांच्या खाली गेला म्हणजे लागतो. पौंड म्हणजे चाकात हवा भरताना जे म्हणतो तेच. याचा अर्थ दिवा लागेपर्यंत दाब पुष्कळच उतरलेला असतो.

म्हणून पहिला नियम. गाडी चालू असताना लाल दिवा लागून राहिला तर कडेला घेऊन इंजीन ताबडतोब बंद करावयाचे. "पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ" असे कोणी म्हणाले तर ऐकावयाचे नाही. टेंपोला दोर लावून नेण्याचे भाडे क्रँकच्या खर्चापुढे काहीच नाही.

दुसरा नियम, क्रमाने पाहावयाचे. स्वस्त आणि सोपे ते आधी, महाग आणि अवघड ते शेवटी. घरात लाइट गेली तर आपण आधी शेजारी लाइट आहे का ते पाहतो, मग फ्यूज पाहतो. भिंत फोडून वायर पाहत नाही. तो क्रम असा.

गाडी सपाट जागी उभी करा. इंजीन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबा, म्हणजे वरचे ऑइल खाली उतरते. काडी ओढून फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून ओढा. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर निम्मे उत्तर मिळाले. चेंबर रिकामे झाले म्हणजे वळणावर किंवा ब्रेक मारताना ऑइल एका बाजूला जाते आणि पंप हवा ओढतो. दिवा तेवढ्यापुरता चमकतो. अशा वेळी ऑइल घालावे, आणि ते गेले कोठे तेही शोधावे. गाडीखाली डाग आहेत का, धुराड्यातून निळा धूर येतो का?

काडी हातात आहे तोवर ऑइल नीट पाहा. दुधाळ, चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. हेड गॅसकेट गेले असण्याचा संभव असतो. दोन बोटांत चोळून पाहा, वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली दिसली तर ऑइलमध्ये पेट्रोल उतरते आहे. हे फार महत्त्वाचे लक्षण आहे. त्यावर पुढे बोलणार आहे. असा वास आला तर जवळ काडेपेटी, विडी काही आणू देऊ नका.

मग विचारा, शेवटी ऑइल कधी बदलले आणि कोणते घातले? आपल्या कढईतले तेल थंडीत घट्ट असते आणि तापले की पाण्यासारखे फिरते. इंजिनाच्या ऑइलचेही तेच. वीस-पन्नास जातीचे ऑइल शंभर अंशांवर तापले म्हणजे चाळीस अंशांच्या मानाने सुमारे आठपट पातळ होते. हल्लीच्या नव्या गाड्यांसाठी मुळातच पातळ ऑइल येते. ते जुन्या, झिजलेल्या इंजिनात घातले आणि वर आपल्या सोलापूरचा वैशाख असला, तर चौकात गाडी उभी राहिली की दिवा मिणमिणणारच. गाडीच्या पुस्तकात लिहिले असेल त्या जातीचेच ऑइल घालावे. ऑइल बदलल्या दिवसापासून दिवा लागू लागला असेल तर ऑइल आणि फिल्टर या दोहोंवर आधी संशय घ्यावा.

यानंतर दिव्याची परीक्षा. इंजिनावर एक छोटा स्विच असतो आणि त्याला एकच वायर असते. इंजीन बंद ठेवून किल्ली फिरवा, दिवा लागेल. वायर काढा, दिवा विझला पाहिजे. वायर काढूनही दिवा लागलेलाच राहिला तर वायर कोठे तरी सोलून पत्र्याला टेकली आहे, इंजिनाचा काही दोष नाही. दिवा विझला तर वायर निर्दोष. आता स्विच खराब आहे की दाब खरोखर कमी आहे, हे ठरवावयाचे राहिले.

ते ठरविण्याचा उपाय एकच. स्विच काढून त्या जागी दाबाचे घड्याळ लावावयाचे. मैत्रिणींनो, माझ्या भाषणातली एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल तर ही ठेवा. डॉक्टर थर्मामीटर लावल्याशिवाय ताप किती ते सांगत नाहीत. घड्याळ लावल्याशिवाय मिस्त्रीला दाब किती ते सांगता येत नाही. काम दहा-पंधरा मिनिटांचे आहे. आकडे चार वेळा घ्यावेत. थंड इंजीन मंद चालताना, थंड इंजीन वेगाने चालताना, आणि अर्ध्या तासाने पुरते तापल्यावर पुन्हा मंद व वेगाने. जुन्या मिस्त्र्यांचा ठोकताळा असा आहे की दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड दाब असावा. तापलेल्या जुन्या इंजिनाला मंद गतीत दहा-पंधरा पौंड मिळाले तर काळजीचे कारण नसते.

त्या चार आकड्यांवरून पुष्कळ कळते. घड्याळात दाब चांगला आणि दिवा तरी लागतो, तर स्विच बदला, किरकोळ खर्च. थंडीत दाब चांगला, तापल्यावर मंद गतीत फार कमी, आणि वेग दिला की पुन्हा चढतो, तर ऑइल पातळ झाले आहे किंवा बेअरिंगे झिजली आहेत. थंड असो की गरम, मंद असो की वेगात, दाब कमीच राहतो, तर पंप झिजला आहे, किंवा जादा दाब सोडून देणारा वॉल उघडा अडकला आहे. या वॉलची स्प्रिंग दमली किंवा त्याखाली कचऱ्याचा कण अडकला, तर प्रेशर कुकरची शिट्टी तिरकी बसल्यावर जसा कुकर भरत नाही तसे होते. सुरुवातीला दाब ठीक, पण वेगाने थोडे अंतर गेल्यावर उतरतो, तर चेंबरमधली जाळी गाळाने भरली आहे. चहाचे गाळणे चोथ्याने भरल्यासारखे.

याप्रमाणे स्विच, ऑइल, फिल्टर, वॉल, मग चेंबर उतरवून जाळी आणि पंप, आणि अगदी शेवटी बेअरिंगे, असा क्रम आहे. बेअरिंगे खरोखर गेली असतील तर बहुधा आवाजही येतो. चढावर जोर लागताना आतून ठोकल्यासारखा जड आवाज येतो. तसा आवाज असेल तर मात्र वेळ काढू नये. आणि बेअरिंगे बदलावयाची ठरली तरी क्रँक मापून घ्यावा. क्रँक लंबगोल झिजला असेल तर नुसती नवी बेअरिंगे घालून दाब टिकत नाही.

आता आमच्या घरची हकीकत सांगते, म्हणजे हे सारे पुस्तकी वाटणार नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखात आमच्या गाडीचा दिवा लागू लागला. सकाळी काही नाही. तुळजापूरहून परत येताना, शहरात शिरल्यावर चौकाचौकात मिणमिणायचा आणि पायाने जरा वेग दिला की विझायचा. हे गाडी एका गॅरेजात घेऊन गेले. तेथल्या मिस्त्रीने इंजीन चालू करून दोन मिनिटे ऐकले आणि सांगितले, "बेअरिंगे गेली. हाफ इंजिन करावे लागेल. चाळीस हजार धरून चाला." आमच्या मुलीचा नर्सिंगचा प्रवेश त्याच महिन्यात होता, आणि घरात जमवलेली रक्कम त्याच्याच आसपास होती. हे घरी येऊन गप्प बसले. मामंजी म्हणाले, "गाडी नसेल तर चटणी कशी पोचवायची? आणि पैसे गाडीत घातले तर पोरीचे काय?"

मी चटणीच्या धंद्याची वही ठेवते. दाणे किती आणले, मिरची किती, डबे किती गेले. तिच्याच मागच्या पानांवर गाडीचे असते: पेट्रोल किती घातले, किती किलोमीटर झाले, ऑइल कधी आणि किती घातले. ती पाने मी काढून बसले. आमची गाडी जुनी, म्हणून दर महिन्याला पाव लिटरच्या आसपास ऑइल वर घालावे लागत असे. गेल्या दोन महिन्यांत एक थेंबही घातलेला नव्हता. आणि जी गाडी एका लिटरला तेरा किलोमीटर जात होती ती दहावर आली होती. मी यांना म्हटले, "अहो, ऑइल खाणारी गाडी एकाएकी ऑइल खायची थांबली आणि पेट्रोल जास्त प्यायला लागली, हे कसे?" आम्ही काडी ओढून पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटे वर, पातळ, आणि पेट्रोलचा वास.

मग आम्ही गाडी दोर लावून एका वृद्ध उस्तादांकडे नेली. त्यांनी काडी नाकाशी धरली आणि हसून म्हणाले, "वहिनी, इंजिनाच्या पोटात पेट्रोल उतरतंय." या गाडीचा पेट्रोल वर खेचणारा पंप, ज्याला मिस्त्री लोक एसी पंप म्हणतात, इंजिनाच्या अंगालाच बसविलेला असतो आणि इंजिनाच्याच दांडीने हलतो. त्याच्या आत एक लवचिक पडदा असतो. तो फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये झिरपते. ऑइल पातळ होते, दाब उतरतो, आणि पेट्रोलही व्यर्थ जाते. उस्तादांनी पंप उघडून पडदा आमच्या समोर धरला. कडेला चीर गेलेली स्पष्ट दिसत होती. कार्बोरेटरची सुई पेट्रोल अडवते की नाही तेही त्यांनी पाहून घेतले, कारण तेथूनही पेट्रोल उतरू शकते.

त्यांनी पंपाचा संच बदलला, जुने ऑइल सगळे काढून नवे घातले, फिल्टर नवा बसविला, आणि मी म्हटले म्हणून दाबाचे घड्याळ लावले. तापलेल्या इंजिनाला मंद गतीत चौदा पौंड आणि दोन हजार फेऱ्यांना अडतीस पौंड. सारा खर्च तीन हजारांच्या आत. मुलगी आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

उस्ताद प्रामाणिक होते. ते म्हणाले, "वहिनी, गाडी म्हातारी आहे. बेअरिंगे नवी नाहीत. चौदाचे दहा होतील, मग आठ होतील. तेव्हा इंजीन उघडू. आज नको." तेव्हापासून दर सहा महिन्यांनी मी घड्याळाचा आकडा वहीत लिहून ठेवते. गेल्या खेपेला तो तेरा होता. इंजिनाच्या कामासाठी एक वेगळी भिशीही लावली आहे, कारण तो दिवस येणार हे ठाऊक आहे. तो एकाएकी येऊ नये, एवढेच आपल्या हाती असते.

एक सावधगिरीची सूचना. दाब कमी झाला की कोणी सांगते, फार घट्ट ऑइल घाला, किंवा बाटलीतले चिकट औषध टाका, दिवा विझेल. दिवा विझेल खरा. पण फाटलेला पडदा फाटलेलाच राहतो, भरलेली जाळी भरलेलीच राहते. थंड इंजिनात फार घट्ट ऑइल वरपर्यंत पोचावयास वेळही लागतो. कारण कळल्याशिवाय असे औषध घालू नये.

शेवटी मिस्त्रीला विचारावयाचे चार प्रश्न सांगते, ते ज्यांना हवे त्यांनी लिहून घ्यावेत. ऑइलची पातळी आणि वास पाहिला का? दिव्याची वायर आणि स्विच तपासला का? घड्याळ लावून थंड व गरम दाब किती आला? जाळी, वॉल व पंप पाहिल्यावर मगच बेअरिंगांचे बोलत आहात ना? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही. उलट घरात कोणाला तरी कळते म्हणून त्याला आनंद होतो. जो रागावेल त्याच्याकडून गाडी परत आणावी.

आणि भगिनींनो, घरात वही ठेवा. दुधाची ठेवतो, वाण्याची ठेवतो, तशी गाडीचीही एक. तिला दोन ओळी पुरतात. पेट्रोल, किलोमीटर, ऑइल. त्यासाठी फार शिक्षण लागत नाही, एवढे मी स्वतःवरून सांगू शकते.